शून्य थर

पूर ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी
गोदामाचं दार ढकललं, तर आतून गाळानं अडलेलं.
सयाजीगंजात वीज नव्हती.
जेणाभाई राठवानं फटीतून बॅटरी धरली
आणि म्हणाला, "साहेब, ठीकरां पलळी गयां."

खालच्या मांडणीवरचे साठ ट्रे.
कच्छच्या रणाकाठचं एक अख्खं गाव
विश्वामित्रीनं दोन रात्री पाण्यात धरलेलं.

ते गाव तर तहानेनं गेलं होतं.
तीन हिवाळे बाकीच्यांनी ते वरून खाली खणलं,
मी ड्राफ्ट्समन, मी खालून वर काढलं:
चौथ्या थरात शंखाच्या बांगड्या, पायाला टोचतील इतक्या;
तिसऱ्यात रांजणांची पोटं फुगतात, काठ जाड होतात,
विहिरीला आणखी अकरा विटा, खाली, अजून खाली;
दुसऱ्यात बांगड्या नाहीत. समुद्र मागे सरकला असेल,
किंवा नदीनं न सांगता कूस बदलली असेल;
पहिल्यात एक चूल. शेळीचं हाड. वाळू.

पाहुणे विचारायचे, मारलं कुणी यांना?
राख दाखवा, बाण दाखवा, कवट्या दाखवा.
मी विहिरीचा छेद दाखवायचो.
ते घड्याळ बघायचे.

आता पाणी आलं,
चार हजार वर्षं उशिरा, दाराखालून.

खापराला पाण्याचं काय, ते भट्टीतून आलेलं.
गेले ते आकडे.
शाईनं घातलेले: खड्डा, थर, खोली.
आकडा पुसला की गाव नाही, नुसतं खापर,
कुणाच्याही परसातलं.
सुलभा चित्रेनं लिहिलेले तेवढे शाबूत.
ती आकड्यावर नेलपॉलिशचा हात फिरवायची,
बिनरंगाचं संपलं की गुलाबी.
आम्ही हसायचो.
बत्तीस गुलाबी खापरं.

जेणाभाईनं पाइप जोडला.
म्हटलं, थांब, आधी मोजू दे.
नऊ सेंटिमीटर. तपकिरी, बारीक पोत,
वेफर्सची पिशवी, डाव्या पायाची चप्पल,
भिंतीवर माझ्या कमरेच्या वर ओली रेघ.
याला नंबर कुठला द्यायचा?
एकाच्या वर आम्ही जागाच ठेवली नव्हती.
शून्य लिहिलं.

संध्याकाळी त्यानं विचारलं,
ट्रे परत खालच्याच मांडणीवर?
मी वर पाहिलं. वर फायली होत्या.
"तिथंच," म्हटलं,
आणि तो एकेक ठेवू लागला.