मंगळवारचे केस

माय सांगते, सव्वा महिन्याचा असताना
मी पिवळा पडलो होतो, हळकुंडासारखा.
औरादच्या डॉक्टरनं मान हलवली,
आजानं मरीआईच्या ओट्यावर नारळ ठेवला
आणि या डोक्याला कात्री लावायची नाही असं ठरलं.
मला विचारायची सोय नव्हती.
जगलो. नाव मरिबा ठेवलं.

उन्हाळ्यात तेरणेचं डबकं आटायचं.
मग एका घागरीत आधी माझं डोकं,
तेच पाणी घमेल्यात धरून कौशीचं,
उरलं तर दारातल्या शेवग्याला.
करडीचं तेल तळहातावर घेऊन
माय बोटं अशी फिरवायची
जशी दुसऱ्याची वस्तू पुसतात, जपून.
"माझे न्हाईत," म्हणायची, "तुझेबी न्हाईत. तिचे हाईत."

चौथीत गुरुजींनी हजेरी घेताना
मुलींच्या यादीत शेवटी माझं नाव घेतलं.
वर्ग हसला. मी 'हजर' म्हणालो.
हजर तर होतो.

मंगळवारी आबा केस सोडायचा.
कपाळभर हळद, कमरेला खणांचे तुकडे, पायात चाळ.
पाटलाची सून उंबऱ्याबाहेर येऊन
त्याच्या पायावर तांब्याभर पाणी घालायची,
केसांचं टोक आपल्या तापलेल्या पोराच्या
कपाळावरून फिरवून घ्यायची.
बुधवारी तोच आबा तिच्या गोठ्यात शेण काढायचा
आणि कुडातला आपला कप आपणच काढून, चहा पिऊन,
धुऊन पुन्हा कुडात खोचायचा.
केस तेव्हा पटक्याखाली.

पण मला आठवत राहते गुंडप्पा न्हाव्याची धोकटी.
गावातल्या एकूण एक ओट्यावर उघडायची.
ओढ्यापर्यंत यायची, वळायची.
ओढ्यापलीकडं आम्ही.
आमच्या पोरांची डोकी पुतळाआत्या करायची,
शेळ्यांच्या कात्रीनं. रक्त आलं की राख.

तर कधी कधी वाटतं, आधी काय आलं?
देवीचं मागणं, की न्हाव्याचं न येणं?
जे मिळणारच नव्हतं
ते आपणच सोडलं असं म्हणता यावं म्हणून
कुण्या आजीनं देवीला मधे घातलं असेल का?
मायला हे विचारलं नाही.
विचारावं म्हटलं की माझं डोकं तिच्या मांडीवर असायचं.

मग निलंग्याहून माणसं आली.
चांगली होती. खरंच चांगली.
शाळेच्या पटांगणात टेबल, हार, कात्री, फोटोवाला.
आबाचे तेहतीस वर्षांचे केस सतरंजीवर पडले,
टाळ्या वाजल्या.
शालीखाली हात घालून आबा
आपली उघडी मान चाचपत राहिला.
माझे मी आधीच औरादला कापून आलो होतो,
चाळीस रुपयांत, अकरावीच्या प्रवेशाआधी.
त्या दुकानात कुणी जात विचारली नाही.
आरशातल्या पोराला मीही ओळखलं नाही.

पुढच्या मंगळवारी आबा सवयीनं गावात गेला.
"कोण हाय?" पाटलाची सून म्हणाली.
त्यानं नाव सांगितलं.
"मंग मागल्या दारानं ये की."
घरी येऊन आबा म्हणाला,
"आता समदेच वार बुधवार."
त्यावर पुन्हा कधी बोलला नाही.

मी आता लातूरला रक्त तपासतो.
गेल्या पोळ्यापासून कात्री लावलेली नाही.
सुपरवायझर म्हणाले, "मरिबा, हे काय? नवस आहे का?"
असता तर चालवून घेतलं असतं, असा आवाज.
"नाही सर."
"मग कापून ये."
मी कागदी टोपीत केस कोंबतो
आणि पुढची नळी उजेडात धरतो.

दिवाळीला गावी गेलो.
माय बराच वेळ बघत बसली,
मग उठून फळीवरची बाटली काढली.
झाकण घट्ट बसलेलं, दातानं उघडलं.
"ह्ये कुणाचे म्हणायचे आता?"

मी खाली बसलो, तिच्याकडं पाठ करून.
"लाव तर," म्हणालो.