रकाना अकरावा

घाटंजीच्या सरकारी दवाखान्यात, क्षयाच्या खोलीला लागून
मला मिळालेली जागा: एक सतरंजी, एक पंखा,
भिंतीवर मागच्या कुठल्या मोहिमेचा हत्ती.
पिशवीत दहा लाल ठोकळे, घंटी, बाटलीत मनुका.
मनुका दर आठवड्याला नवी आणते. खाल्ली जाते ना.

इंदूकला कुमरे पारव्याहून आली, पहिल्या एसटीनं.
मांडीवर तनुष, वय एकवीस महिने,
सदऱ्याच्या गळ्यातून डोकावणारी उभी शिवण.
नागपूरला उघडलं होतं त्याचं काळीज,
अकराव्या महिन्यात.

ठोकळे त्यानं रचले. तीन. चौथा माझ्या हातात दिला.
मनुका चिमटीत धरली, बाटलीत टाकली,
बाटली उपडी करून काढली, आणि खाल्ली.
मी खुणा करत गेले भराभर, जरा खुशीतच.

मग अकरावा रकाना.
हवं ते बोट दाखवून मागतो का?
नाही.
आवाज करून? पदर ओढून?
नाही.

"तो मांगतच नाई काही, म्याडम.
मांगाच्या आंधीच देतो नं आमी.
रडला का निळा पडे. होट, नखं, पार जांभळं.
मंग गुडघे छातीशी दाबून धराचे, डाक्टरनं सांगतलं तसे.
त्याच्या बापानं कोंबडे इकून टाकले,
बांगेनं दचके म्हणून.
भूक लागाच्या आंधी दूध.
वरीसभर रडू देल्लं नाई त्याले कोनीच."

फॉर्मवर 'संभाव्य कारण' म्हणून एक ओळ असते, दीड इंचाची.
मी 'जन्मजात हृदयदोष' लिहिलं.
कोंबडे त्यात मावले नाहीत.

स्टुलावर मुरमुऱ्यांची वाटी ठेवली,
त्याच्या हातापासून वीतभर लांब.
"आता द्यायचं नाही," मी म्हणाले.
"किती येळ?"
"तो मागेल तोवर."

ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली.
पंखा फिरत होता. बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला.
तनुषनं वाटीकडे पाहिलं, मग आईकडे, पुन्हा वाटीकडे.
तोंड वाकडं झालं.
ती त्याच्या डोळ्यांकडे बघतच नव्हती,
नुसती ओठांच्या रंगाकडे.
"गुलाबी आहेत," मी म्हणाले. "बघा, गुलाबीच."

रडला.
असा रडला की शेजारच्या खोलीतला खोकला थांबला.
आणि त्या रडण्यातच उजवा हात उठला,
वाटीच्या दिशेनं, पाचही बोटं फाकवून.

अकराव्या रकान्यात एकच बोट विचारलंय.
पंजा चालतो का, ते कुठं लिहिलेलं नाही.
मी पेन्सिलनं अर्धी खूण केली,
पुढल्या महिन्यातला मंगळवार दिला.

तिचे हात अजून मांड्यांखालीच होते.
"देऊ का आता?"
तिनं मला विचारलं.