तळातलं पुस्तक

होडी माझी, पुस्तकं एर्सिराची.
दर दुसऱ्या मंगळवारी, वारा मानला तर,
चिलोएच्या आतल्या समुद्रात
सहा बेटं करतो आम्ही.
मला खोक्यांचं वजन कळतं, आतलं नाही.
जुनी पुस्तकं जड, ओल प्यालेली.
नवी हलकी, कडक,
आणि उघडताना करकरतात,
नव्या वल्ह्यासारखी.

मार्चमध्ये एकतीस नवी आली.
तिनं आधी सगळी स्वतः वाचली,
रात्री, चुलीपाशी, ओले मोजे दांडीवर टाकून.
न चाखता वाढू नये, म्हणते.

"हे वाच" असं ती कधीच म्हणत नाही.
धक्क्यावर पोरं उभी, नाकं वाहतायत,
आणि ही विचारते भलतंच:
काल कुणाशी भांडलास?
कुत्रीला पिल्लं किती झाली?
मग हात खोक्यात जातो, न बघता,
जाळ्यात जातो तसा.

सहा वर्षांच्या मिलेनाला मिळालं
घर बदलणाऱ्या ऑक्टोपसचं.
"यात शब्दच नाहीत!"
"ते तू घालायचेस."
पंधरा वर्षांच्या जुळ्यांना प्रेमाचं हवं होतं,
पण रडका शेवट नको.
"रडका नाही," एर्सिरा म्हणाली, "पण लग्नही नाही."
दोघींनी एकदमच ओढलं. मुखपृष्ठ थोडं फाटलं.

एका पुस्तकानं मात्र तिची झोप नेली.
त्यात एक पाणबुड्या आहे,
सॅमनच्या पिंजऱ्यांखाली जाळी शिवणारा.
बाराव्या पानावर तो खाली जातो
आणि वर येत नाही.
पुढची दोनशे पानं त्याचा मुलगा.

आणि आमच्या चौथ्या बेटावर येर्को आहे.
त्याच्या बापाला मी ओळखायचो.
माझ्याच होडीतून त्याला
असो.

"देऊ?" तिनं मला विचारलं. मला!
मी म्हणालो, जखमेवर मीठ कशाला.
ती म्हणाली, मिठानंच मासा टिकतो.
थोड्या वेळानं म्हणाली,
पण पोरगा म्हणजे मासा नाही.
मग किनारा येईपर्यंत गप्प.

दोन फेऱ्या ते पुस्तक नुसतंच हिंडलं,
खोक्याच्या तळाशी, नकाशांच्या खाली.
तिसऱ्या फेरीला तिनं खोकंच त्याच्यापुढं ठेवलं.
"मी कॉफी घेते. तुला हवं ते काढ."
आणि पाठ फिरवून माझ्याकडे आली.
थर्मासचं झाकण तिच्या हातात वाजत होतं.
वाऱ्यानं असेल.

येर्कोनं काय नेलं ते आम्ही पाहिलं नाही.
नोंदवहीत त्यानंच लिहिलं, गिचमिड,
जणू मुद्दाम.

जूनमध्ये पुस्तक परत आलं.
मधे गणिताच्या वहीचा चौकटींचा कागद:

"बाई, हवेची नळी पिवळी असते.
पुस्तकात काळी आहे. लिहिणाऱ्याला कळवा.
बाकी बरोबर आहे.
माझ्या बहिणीला हे आत्ता देऊ नका.
ती अकराची झाली की मी सांगेन.
आईला द्या.
मी सांगितलं म्हणू नका."

एर्सिरानं मला इंजिन बंद करायला लावलं
आणि चिठ्ठी मोठ्यानं वाचली, दोनदा.
होडी वाहवत चालली होती, तरी मी
वल्ह्याला हात लावला नाही.

त्याची आई ओहोटीच्या वाळूवर
शेवाळ पसरत होती, गुडघ्यापर्यंत बूट,
आमच्याकडे तिचं लक्षच नव्हतं.
इतक्या वर्षांत तिनं एकही पुस्तक नेलेलं नाही.
एर्सिरा उतरली. गोटे निसरडे, सावकाश चालत
तिच्यापाशी जाऊन उभी राहिली,
एक हात आधीच पिशवीत.

"काय गं," तिनं विचारलं,
"यंदा बटाटे कसे निघाले?"