हातभर दोरा

रविवार कारंजावर, मिठाईच्या दुकानाच्या डोक्यावर,
दुसरा मजला, लिफ्ट नाही.
दाढ ठणकत असली की माणसं पायऱ्या मोजत नाहीत.
अकरा वर्षं मी दाबके मॅडमच्या हातात आरसा देते,
चिमटा परत घेते,
आणि खुर्चीतल्या प्रत्येकाला विचारते,
"रात्री दोरा फिरवता ना?"

फिरवतो, म्हणतात.
रिटायर्ड हेडमास्तरसुद्धा म्हणतात, छताकडे बघत.
आदल्या रात्री घाईघाईनं फिरवलेला असतो,
परीक्षेच्या आदल्या रात्री उघडलेल्या वहीसारखा.
हिरड्या चुगली करतात.
मी फाईलवर लिहिते : अनियमित.

आता सांगायला हरकत नाही
की त्या गठ्ठ्यात माझी फाईल नव्हती.
सिडकोत घरी पोचेस्तोवर साडेनऊ,
मग भाकरी, भांडी, ओजसचं गणित.
कंपनीनं फुकट दिलेल्या दोऱ्याच्या डब्या
कपाटात सात.
त्यातल्या एकीनं मी ब्लाउजचं हूक शिवलंय.
मेणाचा दोरा. अजून टिकून आहे.

एका मंगळवारी पेशंटच नव्हता.
"बैस गं शालन, आज तूच."
सळई हिरडीत उतरवत मॅडम आकडे बोलल्या,
लिहून घेणारी मी, आणि मीच आडवी.
तीन. दोन. तीन. चार.
पाच.
पाच.
पुरात दुतोंड्या मारुतीकडे बघून
पाणी कुठवर चढलं ते सांगतात ना,
घोट्याला, गुडघ्याला, कमरेला,
तसं.
तोंड उघडं होतं. बोलायची सोय नव्हती.

त्याच आठवड्यात येवल्याहून गुलाबसा आले,
चाळीस वर्षं मागावर बसलेले.
मी नेहमीच्या तोऱ्यात दोरा बोटांना गुंडाळला
आणि मातीच्या जबड्यात कच्चकन दाबून दाखवला.
ते म्हणाले, "बाई, कुणावर रागावलात?"
दोरा माझ्याकडून घेतला,
कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत मापला. हातभर.
"झटका दिला की तार तुटते.
न्यायची, टेकवायची, परत आणायची."
आणि स्वतःच्या दाढेला असा वळसा दिला,
वर, खाली, पुन्हा वर,
जणू चुकलं तर पदरावरचा मोर उसवावा लागेल.
"रोज किती विणता?"
"कधी चार बोटं. कधी तेवढंही नाही.
पण बसतो रोज."

त्या रात्री बेसिनमध्ये गुलाबी पाणी.
दुसऱ्या रात्रीही. तिसऱ्या रात्री विसरलेच.
मग डबी कपाटातून काढली
आणि भांड्यांच्या साबणाशेजारी ठेवली.
आरशासमोर मी थांबत नाही,
ओट्यासमोर थांबावंच लागतं.
शेवटचं पातेलं पालथं, हात कोरडे, दोरा.
"आई, मासे धरतेस का?" ओजस म्हणाला.
धरलाही एक : सकाळच्या मिसळीतला मटकीचा मोड,
चौदा तास ठाण मांडून बसलेला,
आणि त्याचा तो वास.
अकरा वर्षं मी हा वास दुसऱ्यांचा समजत होते.

दहाव्या-अकराव्या रात्री पाणी पांढरं.
पुढं चुकल्याही काही रात्री,
नणंदेच्या लग्नात दोन, तापात तीन.
जोडून हिशेब करत बसले नाही. परत ओट्याशी.
चार महिन्यांनी मॅडमनी पुन्हा सळई घातली.
एका पाचाचा चार झाला होता, दुसरा तिथंच.
घाटावरचं पाणीही असंच उतरतं,
पायरी पायरीनं, चिखल मागं ठेवून.

काल हेडमास्तर आले.
मी नेहमीचा प्रश्न गिळला.
विचारलं, "सर, दोरा घरात कुठं ठेवता?"
ते छताकडे बघायला लागले.
छतावर काही लिहिलेलं नव्हतं.
"ठेवत नाही, बाई," म्हणाले.
मी हातभर कापला.
"बोटं द्या."