ठावठिकाणा

एकशे चव्वेचाळीस पूर्णांक आठ.
मांजरपाट टर्रकन फाडावा तसा आवाज येतो
आणि वैरणीच्या बिलांना टेकवून ठेवलेल्या पडद्यावर
फ्लेक्का जराशी पुढं सरकते.

फ्लेक्का मेंढी. कळपाची म्होरकी.
घंटेच्या जागी तिच्या गळ्यात
मी साबणाच्या डबीत बसवलेला ट्रान्समीटर.
दर दोन मिनिटांनी कळवतो, इथं आहे.
कशी आहे, ते कळवत नाही.

डबी बांधताना आउस्ग्रिमूर हसलेला.
"चाळीस वर्षं या माळावर मेंढरं वळतोय,
मला कुणी विचारलं नाही, कुठं आहेस म्हणून."
विचारायची मी. रोज.
तुझ्याकडं ऐकायला यंत्र नव्हतं.

टेकडीवरची पेटी हाक झेलते, पुढं देते,
लांबच्या शेतातला निरोप
बांधावरच्या माणसानं पुढच्या बांधाला द्यावा तशी.
पण सव्वाचारला हिमवादळ आलं,
कळप सुळक्याआड गेला
आणि ठिपका राखाडी पडला.

शेवटची जागा, नदीचा वरचा काठ.
नकाशात तिथं उतार नाही.
केटिलला वायरलेसवर विचारलं.
"म्हातारा? मेंढरांमागं गेला. आम्ही अलीकडंच आहोत."

राईची कणीक परातीत तशीच.
पाऊण तास नुसती खरखर.
ती किती तऱ्हांची असते, मला विचारा.

मग टर्र.

नदीच्या निळ्या रेघेवर, अगदी मधोमध, ठिपका.
नंतरचा पलीकडं.
म्हणजे उतार आहे.
तिला ठाऊक, तिच्या आईला ठाऊक असणार,
मोजणीवाल्यांना कुणी सांगितलं नाही.

मेंढी सापडली. माणसाच्या गळ्यात डबी नाही.

तेव्हा मी ठिपक्यांमधलं अंतर वाचू लागले.
वीस पावलं. थांबली.
पंधरा. थांबली, चार मिनिटं.
अशा वाऱ्यात घराकडं तोंड असलेली मेंढी
उगाच थांबत नाही.
ती कुणासाठी तरी खोळंबतेय,
कुणीतरी, ज्याचा डावा गुडघा
उतरणीला नेहमी कुरकुरतो.

"केटिल, खालच्या वळणावर घोडा ने.
कोरडे मोजे ने."
"तो दिसला का तुला?"
"नाही," म्हटलं. "पण आहे."

आता अंगणात कुत्रं वेड्यासारखं भुंकतंय,
फाटकाची कडी वाजली,
लोकरीचा ओला वास दारापर्यंत आलाय.
पडद्यावर ती दोघं अजून
ओढ्यापलीकडंच.