सातवा रंग

ऑर्डरीबरोबर फोटो आला.
मासा. कुठल्याशा थंड देशाच्या कडेचा,
राखी अंगावर मळक्या हिरव्याचे पट्टे,
ओठ जाड, विडा कोंबल्यासारखे.
खाली शेठनी पेनानं लिहिलेलं :
टॉवेल तीस बाय साठ. रंग सहाच.
मागं त्यांच्याकडची एक ओळ,
ती शेजारच्या गड्डमांच्या पोरीनं वाचून सांगितली :
हा उथळ पाण्यात राहतो,
जिथं लाट फुटते, तिथंच.

मी दत्तनगरात ग्राफ काढतो.
मोर काढलेत, हत्ती, कमळं,
एकदा एका मंगल कार्यालयासाठी
घोड्यासकट नवरदेव.
समुद्र पाहिलेला नाही.
चौकोनामागे चौकोन भरत गेलो,
खवल्याला एक घर, डोळ्याला एक.

पहिला नमुना शेपटीकडून उतरला.
मल्लेशम मागाच्या खडखडाटातून ओरडला,
"हे चेप मेलंय की बे."
खरं होतं.
विजापूर वेशीत बर्फावर मांडतात
तसा आडवा, सरळ,
गिऱ्हाइकाकडे बघणारा.

दुपारभर मी तिथंच बसलो, सुताच्या पोत्यावर.
धोटा जायचा, यायचा.
हत्ता ठोकला की मल्लेशम जरा मागं,
हत्ता सुटला की जरा पुढं,
तुटलेला धागा बोटांनी शोधत, न बघता.
बत्तीस वर्षं त्याच फरशीवर.
फरशीत त्याच्या टाचांचे दोन खळगे आहेत,
पाणी टाकलं तर साचेल एवढे.
कुठं जात नाही हा माणूस.
पण नुसता उभाही नाही.

रात्री रबरानं पोट खोडलं.
शेपूट चार घरं वर.
डोकं अडीच घरं खाली;
अर्धं घर मागाला कळत नाही,
म्हणून तीन.
लाट काढली नाही.
लाटेला सातवा रंग लागला असता.

दुसरा नमुना मल्लेशमनं उलटसुलट केला,
तंबाखू मळली,
काही बोलला नाही.

चार हजार टॉवेल गेले.
मध्येच पत्तीतलं एक भोक चुकलं
आणि बारा मासे आंधळे निघाले.
अकरा चिंध्यांच्या भावात गेले,
एक मी घरी आणला.
"वापरा की," नागमणी म्हणाली, "ठेवता कशाला?"

मे महिना. नळ पाचव्या दिवशी.
म्हणून बोअरच्या पाण्यात बुडवला,
मचूळ पाणी, साबणाला फेस धरत नाही.
दाबला तळाशी.
फुगून वर आला, तिरका.
परत दाबला.
परत आला.
किती वेळ चाललं कोण जाणे,
माझ्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या,
आणि मोरीतून नागमणीचा आवाज :
"पुरे आता, पाणी सांडतंय."