एक नग, सरकारी

मे महिना, शेहेचाळीस पूर्णांक दोन.
सेमिनरी हिल्सवरच्या आमच्या प्रयोगशाळेत
डीप फ्रीझर बसला.
मेकॅनिक म्हणाला, उद्या.
नागपुरात उद्या म्हणजे गुरुवारनंतर कधीही.

म्हणून पेटी ऑटोत घातली,
वर ओलं गोणपाट,
आणि इतवारीत नेली
निखारे यांच्या बर्फाच्या कारखान्यात.
(आडनाव खरंच तेच. पाटीवरही आहे.)

पेटीत हातभर बर्फ,
दक्षिण टोकाकडचा, चौऱ्याऐंशी मीटर खालचा.
त्याचा जोडतुकडा सिग्रिदकडे.
पातं त्यांचं, डिझेल आमचं,
करंजी मोडावी तसा मधोमध मोडून घेतला होता
वादळात, हसत.

आता तिचं पत्र येत नाही.
तिच्या सरकारला वाटतं
आमच्या छिद्रात कान पुरलेला आहे.
आमच्या सरकारला वाटतं
त्यांचे पेंग्विन मोजणारे
आणखी काहीतरी मोजतात.
उपग्रहातून टिपलेलं एक चित्र
दिल्लीमार्गे माझ्या टेबलावर आलं,
लाल गोलात आमची एक टपरी:
सदर बांधकामाचे प्रयोजन कळवावे.
कळवलं. संडास आहे.
तीन प्रतींत कळवलं.

मग परिपत्रक:
आकडे कुणालाही देऊ नयेत.
म्हणजे हवेचे आकडे,
अकराशे वर्षांपूर्वी बुडबुड्यांत कोंडलेल्या.
तेव्हा नागपूर नव्हतं.
दिल्ली असेल, पण तिला कुणी विचारलं नसतं.

"कोन्या देशाचा व्हय हा?" निखारेंनी विचारलं.
कुणाचाच नाही, मी म्हणाले, तसा करार आहे.
"मंग भांडन कायचं?"

अमोनियाचा वास. लाद्यांवर भुसा.
मी पेटीची कडी पुन्हा पुन्हा तपासत राहिले.

टोकाची एक कपची सुटली होती,
नियमाप्रमाणे नष्ट करायची.
त्यांनी ती स्टीलच्या पेल्यात, पाण्यात टाकली
आणि पेला कानाला लावला.
चट्.
चट् चट्.
"बोलून राहिला ना, बाई! आयका."
पेला माझ्यापुढे धरला.
मी आधी दाराकडे पाहिलं,
कुणी बघत तर नाही.
तोवर आवाज थांबला होता.

वहीत त्यांनी लिहिलं,
मासळीच्या चाळीस लाद्या
आणि नंदनवनातल्या लग्नाच्या सहा, यांच्यामधे:
बर्फ, सरकारी, एक नग.
भाड्याचा रकाना कोरा.

सही कुठे करू?
"राहू द्या. तुमचाच व्हय ना?
नेसान तवा नेसान."